प्रार्थनेत आडवं आलेलं सगळं

आपल्याला आवडलेली एकही वस्तू आपल्या घरात टिकू न देणारा माणूस निजामाच्या उभ्या मोगलाईत एकच निपजला, आणि तो नेमका माझा व्याही झाला. त्या काळी आमच्या हिंगोलीकडं चोराचिलटांना तोटा नव्हता, पण व्याह्यांच्या घरी चोरी झाल्याचं मी कधी ऐकलं नाही. चोर पोचायच्या आत चोरण्याजोगी वस्तू व्याही स्वतःच उचलून कोणाच्या तरी दारात ठेवून येत. गोरेगावच्या अलीकडं एका खेड्यात त्यांची थोडी कोरडवाहू जमीन होती, ज्वारी आणि कापूस पिकायचा, वस्तीत थोडी ख्रिस्ती घरं होती आणि मातीच्या भिंतींचं एक लहानसं देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च, होतं. मी हिंगोलीला मिशनच्या शाळेत मास्तर. माझी शांता मी त्यांच्या याकोबाला दिली, तेव्हा जो तो मला सांगत होता की घर फार देवभीरू आहे. मीही खूश होतो. देवभीरू घरात रोज संध्याकाळी दिवा लावायला दिवा शिल्लक असतोच असं नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तसा माणूस दिसायला अगदी निरुपद्रवी. उंच, काटकुळे, कानाच्या पाळ्या लांब, आणि बोलणं इतकं हळू की आपण साधं बोललो तरी आपणच खेकसतोय असं वाटावं. चिडक्या माणसाशी भांडता येतं. या माणसाशी भांडायची सोयच नव्हती. आपण तावातावानं दहा वाक्यं बोलावीत, त्यांनी ती मान हलवत ऐकावीत, ‘तुमचं बराबर हाय, इवाई,’ म्हणावं आणि जे करायचं तेच करावं. इवाई म्हणजे व्याही. त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला की पुढं काहीतरी आपल्या मनाविरुद्ध घडणार, हे मी ओळखू लागलो होतो. त्यांचा सगळा कारभार एका नियमावर चालायचा. प्रार्थनेला डोळे मिटले आणि देवाऐवजी दुसरंच काही मनात आलं, तर ती वस्तू घरात ठेवायची नाही. बैल मनात आला, बैल गेला. घोंगडं मनात आलं, घोंगडं गेलं. ‘देवाच्या आन आपल्या मधी जे येऊन बसतं, ते उठवाया पायजे,’ असं ते म्हणत. मी एकदा विचारलं, ‘अहो, पण उठवून जरा बाजूला ठेवलं तर चालणार नाही का? द्यायलाच कशाला हवं?’ ते म्हणाले, ‘ठिवून पाहिलं म्या. बाजूला ठिवलं की ते तिथून बघत राहतं.’

याचा पहिला झटका मला लग्नानंतर महिन्याभरातच बसला. लग्नात मी त्यांना एक छत्री दिली होती. साधीसुधी नव्हे, माझा एक जुना विद्यार्थी हैदराबादेत नोकरीला होता, त्याच्याकडून मुद्दाम मागवलेली. मूठ शिसवी, कापड असं की पाणी वरच्या वर निथळून जावं. महिन्याभरानं व्याही आमच्याकडं आले ते चिंब भिजून, धोतर पायांना चिकटलेलं, डोक्यावर गोणपाट. बायकोनं टॉवेल दिला, मी चहा दिला आणि शेवटी न राहवून विचारलं, ‘छत्री कुठं आहे?’

‘प्रार्थनेत आली हो,’ ते म्हणाले. आपला गुन्हा कबूल करावा तसे म्हणाले. ‘लईच चांगली व्हती, इवाई. तुमी इतकी चांगली द्याया नको व्हती.’

म्हणजे दोष माझाच! छत्री नरसीच्या जत्रेला निघालेल्या एका म्हाताऱ्या वाटसरूला दिली होती. त्या म्हाताऱ्याचं नाव-गाव व्याह्यांना ठाऊक नव्हतं, पण तो छत्री उघडून किती खूश झाला हे त्यांनी मला रंगवून सांगितलं, आणि मी माझ्याच घरात बसून ते ऐकून घेतलं. त्यांच्या लेखी आपल्याला छत्री मिळाली हा एक आनंद होता आणि ती गेली हा दुसरा. मला मात्र पहिलाही लाभला नाही आणि दुसराही.

गावाला हा नियम पाठ झाल्यावर तर कहरच झाला. माणसं देवाला भीत असतील-नसतील, पण संधी कोणी सोडत नाही. व्याह्यांच्या शेजारी एक शेतकरी राहायचा, हिंदू, सज्जन, कपाळाला बुक्का, आणि डोकं पक्कं. रविवारी सकाळी व्याही धुतलेलं धोतर नेसून देवळाकडं निघाले की हा बरोब्बर बांधावर उभा. ‘रामराम, दादा! काय भोपळा लागलाय हो तुमच्या वेलाला! नजर हटत न्हाई पहा.’ झालं. व्याही बिचारे देवळात जाऊन डोळे मिटतात, तो समोर भोपळा! उपासना सुटली की भोपळा शेजाऱ्याच्या ओसरीवर. पुढच्या रविवारी कोंबडी. त्याच्या पुढच्या रविवारी अंबाडीची भाजी. शेवटी विहीणबाईंनी याकोबाला हुकूम दिला की रविवारी बापाला मागच्या वाटेनं देवळात न्यायचं आणि वाटेत कोणाशी बोलू द्यायचं नाही. मी व्याह्यांना म्हटलं, ‘तो माणूस तुम्हाला सरळसरळ फसवतोय.’ ते म्हणाले, ‘फसवून राहिला, बराबर हाय. पन भोपळा माझ्या मनात आला तो काय त्यानं आनला? मनात जागा व्हती म्हनून आला.’ मी पान खाल्लं.

बैलाची गोष्ट तर मी अजून शांतपणे सांगू शकत नाही. तांबडा कंधारी गोऱ्हा त्यांनी स्वतःच्या हातानं वाढवला होता. अंगावर हात फिरवला की त्याची कातडी थरथरायची आणि व्याह्यांचे डोळे पाणवायचे. मी तेव्हाच शांतेला म्हटलं, हा बैल जातो. तो ऐन पेरणीच्या तोंडावर गेला. जवळच्या तांड्यावर एका माणसाचा बैल पान लागून, म्हणजे साप चावून, मेला होता. व्याह्यांना बैल प्रार्थनेत दिसायला आणि तांड्यावरची बातमी यायला एकच गाठ पडली. दावं सोडलं आणि नेऊन दिला. मग घरची पेरणी कशी व्हायची? तर याकोब रोज सकाळी तांड्यावर जायचा, आपलाच बैल उसना आणायचा, त्याच्या बदल्यात दुपारनंतर त्या माणसाच्या शेतात राबायचा आणि संध्याकाळी आपलाच बैल परत बांधून यायचा. ‘त्यानं बैल देताना कधी तोंड वाकडं केलं न्हाई,’ असं व्याही त्या तांडेवाल्याचं कौतुक करत. माझा जावई उन्हानं काळा ठिक्कर पडला होता आणि हे त्या माणसाच्या मोठ्या मनाचे गोडवे गात होते!

या सगळ्यात घर उभं राहिलं ते केवळ विहीणबाईंमुळं. बाई ठेंगणी, सावळी, कपाळावर गोंदलेलं, बोलायला तुटक. नवऱ्याला त्या कधी अडवत नसत. त्यांनी फक्त एक गोष्ट साधली होती: घरात काहीही चांगलं आहे, हे नवऱ्याला कळू द्यायचं नाही. गाय चांगली दूध द्यायची, तर बाई त्यांच्यासमोर तिला ‘भाकड मेली’ म्हणायच्या. नवं लुगडं आणलं की आधी चिखलात बुचकळून वाळवायच्या. शांता लग्न होऊन गेली तेव्हा चौथ्याच दिवशी त्यांनी तिला चुलीपाशी बसवून सांगितलं, ‘बाई, तुझ्या हाताला चव हाय. जरा हात आखडून रांध. चांगलं झालं की तुजा सासरा उपाशी उठतो.’ आणि ते खरंच होतं. एखादं कालवण जिभेवर रेंगाळलं, तर दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत कालवण यायचं आणि महिनाभर ते वर्ज्य. हे माहीत नसताना माझी बायको लेकीच्या घरी चार दिवस राहून आली आणि रडतच घरी परतली. म्हणाली, ‘माझ्या पोरीला सैपाक येत होता हो! त्या घरानं तिची पार माती केली.’ तिची समजूत घालता घालता माझा पूर्ण दिवस गेला.

तांब्याचं तर सगळ्या मंडळीत हसं झालं. आमच्यात सुगीचा सण असतो. पीक निघालं की जो तो शेतातलं, घरातलं चांगल्यात चांगलं देवळात आणतो, कणसं, भाजी, कोंबडी, जे असेल ते वेदीपाशी ठेवतो, आणि उपासनेनंतर बाहेर झाडाखाली त्याचा लिलाव होतो. व्याह्यांच्या घरी त्यांच्या आईचा पितळी तांब्या होता. तो एका वर्षी त्यांनी नेऊन ठेवला. विहीणबाईंनी गुपचूप आपल्या भावाला उभं केलं आणि लिलावात तो सोडवून आणला. आठवड्यानं व्याह्यांना फळीवर तांब्या दिसला. त्यांना वाटलं, देवानं परत धाडला. मग काय, पुढच्या सणाला पुन्हा तांब्या वेदीपाशी, पुन्हा विहीणबाईंचा भाऊ लिलावात. असं इतकी वर्षं चाललं की शेवटी देवळाचे पाद्री, आमचे पाळकसाहेबच वैतागले. तांब्या हातात धरून म्हणाले, ‘दादा, देवाला हा तांब्या नको आहे. त्यानं इतक्यांदा परत केला, आता तरी समजा.’ व्याह्यांना ते पटलं नाही. देव कोणाचंही दान परत करत नाही, पाहून ठेवतो, असं त्यांचं म्हणणं पडलं.

एकदा ते माझ्याकडं मुक्कामाला होते. माझ्या बैठकीत भिंतीवर एक लंबकाचं घड्याळ आहे. मी रोज स्वतः त्याला किल्ली देतो, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. व्याही त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि अगदी सहज, मनात काहीही वाकडं न ठेवता, त्यांनी विचारलं, ‘इवाई, हे तुमच्या प्रार्थनेत येतं का?’ मी म्हटलं, छे! आणि त्या रात्रीपासून आजतागायत मी डोळे मिटले की ते घड्याळ टिक्‌टिक् करायला लागतं. मी काही घड्याळ दिलं नाही. प्रार्थना थोडी आटोपती घेऊ लागलो, इतकंच. पण या माणसाला मी ते माफ केलेलं नाही.

पुढं शांतेला मुलगी झाली आणि आमच्या सगळ्यांच्या काळजाचा ठोका चुकला. नाव रूथ ठेवलं. घरात ती रुती झाली. व्याही पहिल्या दिवसापासून तिच्याकडं पाठ करून बसू लागले. पाळण्यातून आवाज आला की उठून शेतात जात. माझी बायको म्हणायची, ‘आजा असून नातीचं तोंड पाहवत नाही, हा कसला देवमाणूस!’ पण लेकराची जातच अशी की जो बोलावत नाही त्याच्याचकडं रांगत जायचं. रुती रांगू लागली ती थेट आज्याच्या पाठीकडं. त्यांचं धोतर धरून उभी राहायला शिकली. ते तिला उचलत नव्हते, पण धोतरही सोडवून घेत नव्हते. ती पडेल म्हणून तासन्‌तास तसेच ताठ बसून राहत. आणि एके दिवशी याकोबानं कडब्याच्या गंजीमागं पाहिलं, तर बाप तिला खांद्यावर घेऊन नाचवतोय आणि भजन म्हणतोय, आणि भजनात प्रभूच्या नावाच्या जागी मधेच रुतीचं नाव येतंय. याकोबानं ते घरी येऊन सांगितलं. शांता हसली. विहीणबाई हसल्या नाहीत.

त्या रविवारी पाळकसाहेब दुसऱ्या गावी गेले होते, म्हणून व्याह्यांना प्रार्थना चालवायला सांगितली. मी सुट्टीमुळं तिथंच होतो. ते उभे राहिले, डोळे मिटले, ‘हे आमच्या स्वर्गीय बापा,’ म्हणाले आणि थांबले. आम्ही वाट पाहिली. बाहेर एक म्हैस रेकली, कोणाचं तरी पोर खोकलं. व्याही तसेच उभे. कपाळावर घाम. मग ते हळूच खाली बसले आणि प्रार्थना तशीच अर्धी राहिली. देवळातल्या सगळ्यांना कळलं की काहीतरी आडवं आलं. शेजारचा शेतकरीसुद्धा बाहेर अंदाज बांधत उभा होता. मी विहीणबाईंकडं पाहिलं, तर त्यांनी मांडीवरच्या रुतीला पदराखाली ओढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांनी सगळ्यांना ओसरीवर बोलावून सांगितलं की ते घर सोडून चालले आहेत. रुती याकोबाची होती, दुसऱ्याची वस्तू देता येत नाही, एवढा विवेक त्यांच्यापाशी होता. म्हणून ते स्वतःच जाणार होते. दूर मिशनचा कुष्ठरोग्यांचा दवाखाना होता, तिथं पाणी भरायला माणूस लागत होता. परत यायचं नाही, लेकराला पाहायचं नाही.

इतक्या वर्षांचा माझा संताप त्या दिवशी बाहेर पडला. मी म्हणालो, ‘व्याही, छत्री दिलीत, गप्प बसलो. बैल दिलात, गप्प बसलो. हे काय मांडलंय? देवानं नात दिली ती काय तोंड फिरवायला? या वयात पाणी भरणार? आणि माझ्या लेकीनं पोरीला काय सांगायचं, तुझा आजा तुझ्यावर माया जडली म्हणून पळून गेला?’

‘तुमचं बराबर हाय, इवाई.’

‘बरोबर आहे तर मग बसा खाली!’

‘पन ती प्रार्थनेत आली,’ ते म्हणाले. ‘म्या देवाला बाप म्हनाया गेलो आन तोंडात तिचं नाव आलं. असं कवा झालं न्हवतं. बैल यायचा, पन देव दिसायचा त्याच्या मागं. आता दिसून न्हाई राहिला. मला भ्या वाटून राहिलं.’

याकोब म्हणाला, ‘बाबा, जाऊ नका.’ शांता दाराआड रडत होती. विहीणबाई बाजूला ज्वारी पाखडत बसल्या होत्या. त्यांचं सूप थांबलं नव्हतं.

‘एक इचारू का?’ त्या म्हणाल्या.

व्याह्यांनी वळून पाहिलं.

‘इतक्या वर्सांत गाय दिली, बैल दिला, घोंगडी दिली, कोंबड्या दिल्या. तांब्या तर दर वर्सी दिला. मी एकदाबी तुमच्या प्रार्थनेत आडवी आले न्हाई का?’

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

‘आले असते तर मला माह्या भावाकडं नेऊन घातलं असतं. घातलं न्हाई. म्हंजी तांब्याइतकाबी जीव न्हवता.’ हे त्या रडून म्हणाल्या नाहीत. आज पीठ संपलं, असं सांगावं तसं म्हणाल्या. पण सूप आता थांबलं होतं.

व्याही ओसरीच्या कडेला बसले. मला वाटलं, आता नेहमीसारखं ‘तुझं बराबर हाय’ म्हणतात की काय!

‘तू रोज येतीस,’ ते म्हणाले. ‘लगीन झालं त्या दिसापासून. डोळे मिटले की आधी तूच.’

‘मंग?’

‘मंग काय? तुला कुठं देऊ? माह्यानं व्हत न्हवतं. देवाला म्हनलं, हिचं तेवढं राहू दे, बाकी तुला काय पायजे ते ने. बैल मनात आला की मला बरं वाटायचं. म्हनायचो, हे घे, आन हे बी घे, पन तिकडं पाहू नको.’ त्यांनी तोंडावर धोतराचा सोगा धरला. ‘देवाला फसवून राहिलो म्या, इतके वर्सं. आता ह्या लेकरासाठी द्यायाला माह्यापाशी कायबी राहिलं न्हाई.’

विहीणबाई उठल्या. त्यांनी पदरानं हात पुसले, आत जाऊन रुतीला आणलं आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

‘मला काय तुमी देवाला देनार?’ त्या म्हणाल्या. ‘बाप्तिस्मा घेतला तवाच मी त्याची झाले. तुमच्यापाशी त्यानं निस्तं ठिवलंय, सांभाळाया. हे लेकरूबी तसंच. त्याचं हाय त्याला द्याया निघाले, मोठे दाते! मागंल तवा तो मागून घेईल. तवर सांभाळा.’ आणि शांतेला म्हणाल्या, ‘ह्यास्नी भाकर वाढ. आन आज कालवण चांगलं कर.’

व्याही गेले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी प्रार्थना चालवली तेव्हा रुती त्यांच्या कडेवर होती आणि त्यांचे कान ओढत होती. त्यांनी डोळे मिटून देवाला सांगितलं की ही तुझी, ही पलीकडं बसलेली ती बी तुझी, आमी तुझ्या ठेवी सांभाळून राहिलो, आमाला अक्कल दे. विहीणबाई भर देवळात लाजल्या. म्हणून व्याही सुधारले, असं मात्र कोणी समजू नये. वस्तू जायच्या त्या जातच राहिल्या. रझाकारांच्या दिवसांत आम्ही सगळे सरहद्द ओलांडून वाशीमकडं निघालो, तेव्हा माझ्या गाडीत घड्याळ ठेवावं की पलंग, यावरून बायकोशी माझं भांडण चाललं होतं आणि व्याह्यांची गाडी रिकामी उभी होती, कारण भरायला काही नव्हतंच. त्यांनी तीत शेजाऱ्याची म्हातारी आई बसवली, आणखी दोघी आजारी बायका बसवल्या आणि आमच्या आधी निघाले. मी घड्याळ मांडीवर घेऊन मागून गेलो. वाटभर मला त्यांचा राग येत होता, कशाबद्दल ते धड सांगता येत नव्हतं.

राज्य पालटलं, आम्ही माघारी आलो आणि त्या थंडीत विहीणबाई तापानं गेल्या. फार दिवस पडल्या नाहीत. शेवटी नवऱ्याला त्यांनी जवळ बोलावलं, पण काय बोलल्या ते व्याह्यांनी कोणाला सांगितलं नाही. गावाबाहेर ओढ्याच्या काठी आमच्या मंडळींची दफनभूमी आहे. पेटी खाली उतरली, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि मूठमाती द्यायला आधी व्याह्यांना पुढं केलं. त्यांनी वाकून माती घेतली, हात खड्ड्यावर धरला आणि मूठ उघडेना.

सगळे थांबले. पाळकसाहेब थांबले. याकोब बापाच्या दंडाला धरून उभा होता. उभ्या जन्मात ज्यानं हातात काही राहू दिलं नाही, त्या माणसाची बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेली होती. मी मनात म्हणत होतो, सोडा हो व्याही, आता सोडा. इतक्यात रुती शांतेचा हात सोडून पुढं आली. तिला त्यातलं काय कळणार! आज्याच्या मुठीत काहीतरी आहे आणि आजा देत नाही, एवढंच तिला दिसलं. तिनं दोन्ही हातांची ओंजळ त्यांच्या मुठीखाली धरली आणि वर पाहत उभी राहिली.

मागणाऱ्याला व्याह्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांची मूठ सैल झाली. माती तिच्या ओंजळीत पडली, आणि मागं उभ्या बायकांनी खूण केली तशी तिनं ती खड्ड्यात टाकली.

व्याही आपल्या रिकाम्या तळहाताकडं पाहत राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, ‘दिली, इवाई.’

त्यांनी रुतीचे मातीनं भरलेले हात आपल्या धोतराला पुसले, तिला कडेवर घेतलं आणि गावाच्या वाटेला लागले.